व्याह्यांच्या बंदुका

चष्मेवाल्याच्या घरी कपड्यांच्या कपाटात दोन बंदुका उभ्या होत्या आणि त्या एकमेकींशी बोलत नसत.

दोन्ही छर्र्याच्या, दोन्ही जुन्या, दोन्ही अशा काळातल्या की बनवणाऱ्याने एकेक स्क्रू हाताने घासून बसवला असावा. एक चष्मेवाल्याच्या वडलांची, दुसरी सासऱ्यांची. वडलांचं चष्म्यांचं दुकान होतं, सासऱ्यांचा गाद्या आणि सोफे भरायचा कारखाना. रविवारी कारखाना बंद असला की हे दोघे तिथल्या लांबलचक हॉलमध्ये टार्गेटचा कागद लावून एकमेकांना हरवायला बसत. हरवता हरवता त्यांचे इतके गळ्यात गळे पडले की एकाचा मुलगा आणि दुसऱ्याची मुलगी यांना विचारल्यासारखं करून त्यांनी दोघांचं लग्न लावून टाकलं. आता दोघेही नव्हते. दुकान मुलाकडे आलं होतं, कारखाना मुलीकडे, आणि बंदुका दोघांच्या बेडरूममध्ये. त्यातली चांगली कोणती, हा वाद मात्र कुणा एकाच्या वाट्याला न गेल्यामुळे नवराबायकोने तो समाईक ठेवला होता.

वादाचं मूळ नेम धरायच्या पद्धतीत होतं. वडलांच्या बंदुकीला मागे एक खाच होती आणि नळीच्या टोकाला एक उभं पातं. त्या पात्याला घरात सगळे माशी म्हणत. खाचेच्या मधोमध माशी बसवायची, माशीवर काळा ठिपका बसवायचा आणि मग श्वास धरून चाप ओढायचा. सासऱ्यांची बंदूक वजनाला दुप्पट, आणि तिला डोळ्याशी एक काळी चकती होती. चकतीला मधोमध बारीक भोक. त्या भोकातून बघायचं, नळीच्या टोकावरच्या गोल कड्यात ठिपका आणायचा, संपलं.

"भोकातून बघणं म्हणजे लोकांच्या घरात डोकावणं," असं वडील म्हणायचे. "नेम धरायचा तर उघड्या डोळ्याने धरावा."

"खाच बघा, माशी बघा, ठिपका बघा," सासरे म्हणायचे. "एकदम तीन ठिकाणी लक्ष ठेवायला मी काय शाळेतला मास्तर आहे?"

हे संवाद नवराबायकोला पाठ होते आणि अधूनमधून दोघं ते आपापल्या बाजूने म्हणतही असत. पण त्या वर्षी रायफल क्लबने नवा हॉल बांधला, हॉलमध्ये काचेचं शोकेस केलं, आणि शोकेस झाल्यावर सेक्रेटरींच्या लक्षात आलं की आत ठेवायला काहीच नाही. सेक्रेटरींनी आयुष्यात बंदूक उचलली होती ती फक्त भाषणात. पण जुन्या बंदुकीचा सुगावा त्यांना बरोबर लागला, कारण क्लबचे सोफे चष्मेवाल्याच्या बायकोने भरले होते आणि सोफ्यांच्या गप्पांत बंदुकांचा विषय निघाला होता.

"एक द्यायचं कबूल केलंय मी," बायकोने जेवताना सांगितलं.

"कोणती?"

"ते ठरायचंय. पण तुमच्या बाबांची हलकी आहे, टांगायला सोपी."

चष्मेवाल्याचा घास थांबला. शोकेसमध्ये बंदूक म्हणजे काय, हे त्याने दुसऱ्या गावच्या क्लबात पाहिलं होतं. दोन कड्यांत बोल्टने आवळून ठेवतात. आतलं चामडं वाळून जातं, स्प्रिंग गंजते, आणि समोरून शाळेची सहल जाते. त्याच्या वडलांच्या बंदुकीच्या दस्त्यावर एका जागी पॉलिश उडालं होतं. वडलांचा गाल तिथे टेकायचा. नेम शिकवताना ते पोराच्या कोपराखाली आपला तळहात धरायचे आणि छर्रा नीट लागला तर "हं" म्हणायचे. त्याहून जास्त कौतुक त्या माणसाने कधी कुणाचं केलं नव्हतं. वडील गेल्यापासून चष्मेवाल्याने त्या बंदुकीतून एकही छर्रा सोडला नव्हता. पण महिन्या-दोन महिन्यांनी तो ती बाहेर काढायचा, फडक्याने पुसायचा, आणि घरात कुणी नसेल तर त्या पॉलिश उडालेल्या जागी जरा गाल टेकवायचा. शोकेसला काच असते. काचेतून गाल टेकत नाही.

हे सगळं बायकोला सांगायचं तर सरळ सांगता आलं असतं. पण चष्मेवाला शिकलेला होता, त्यामुळे त्याने तत्त्वाचा मुद्दा काढला.

"हे बघ, माझे बाबा, तुझे बाबा, असं करायचंच नाही. अचूकता बघू. जी बंदूक नेमाला कमी पडेल ती शोकेसमध्ये. जी नेम राखते ती घरात."

"ठरलं?"

"ठरलं. मागे हटणारा मी नव्हे."

"आणि मारणार कोण?"

"तू तुझी, मी माझी."

"नको," बायको म्हणाली. "दोन्ही तुम्हीच मारा. मी माहेरची बाजू घेतली असं कुणी म्हणायला नको. एकच हात, एकच डोळा. म्हणजे फरक पडेल तो बंदुकीचा."

चष्मेवाल्याला ही अट इतकी न्यायाची वाटली की त्याला बायकोचा अभिमानच वाटला. शेजारी बसून हे ऐकणाऱ्या त्याच्या आईने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि आमटी वाढून घेतली.

"दोन्ही देऊन टाका," ती म्हणाली. "तुमच्या कपाटातल्या माझ्या साड्या चुरगळतात त्यांच्यामुळे."

पण आईचं मत तत्त्वाला धरून नव्हतं, म्हणून ते कुणी विचारात घेतलं नाही.

त्या आठवड्यात बायको आईसाठी एक आरामखुर्ची भरत होती. एकदा सकाळी चष्मेवाला पेपर वाचत बसलेला असताना ती टेप घेऊन आली आणि टेपचं एक टोक तिने त्याच्या भुवईशी धरलं.

"हे काय?"

"हलू नका. खुर्चीच्या हाताचं माप घेतेय."

"माझ्या डोळ्यापासून?"

"माणूस पेपर किती लांब धरतो त्यावर हाताची उंची ठरते."

चष्मेवाल्याला हे शास्त्र नवीन होतं, पण दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसायची त्याला सवय नव्हती. त्याने हात आणखी जरा लांब केला आणि अग्रलेख पुढे वाचू लागला. बायकोने आकडा बघितला आणि काही न बोलता टेप गुंडाळली.

इथे हेही सांगितलं पाहिजे की चष्मेवाल्याच्या दुकानात तेव्हा उजेडाची फार तक्रार होती. त्याने बल्ब तीनदा बदलून पाहिला होता. फ्रेमच्या काड्यांचे ते इवलेसे स्क्रू पिळायचे असले की तो दाराशी उजेडात जायचा आणि कंपन्या हल्ली स्क्रू मुद्दाम बारीक करतात असं गिऱ्हाइकाला सांगायचा. गिऱ्हाइकांपैकी कुणी वाचायचा चष्मा घ्यायला कां-कू करू लागला तर मात्र त्याची गय नसे. खुद्द सेक्रेटरी महिन्याभरापूर्वी येऊन गेले होते. चष्मेवाल्याने त्यांना तपासणीच्या खुर्चीत बसवलं, डोळ्यासमोर काळी चकती धरली, चकतीच्या बारीक भोकातून त्यांना तळाची ओळ वाचायला लावली, आणि मग चकती काढून तीच ओळ विचारली. सेक्रेटरी गप्प.

"भोकातून दिसतं आणि एरवी दिसत नाही," चष्मेवाला म्हणाला होता. "म्हणजे डोळा शाबूत आहे, फक्त काच हवी. चाळिशी लागली म्हणायची. साहेब, डोळ्यांना अभिमान कळत नाही."

सेक्रेटरी "विचार करतो" म्हणून निघून गेले ते परत आले नव्हते.

शनिवारी दुपारी बायको कारखान्यात गेली तेव्हा चष्मेवाल्याने वडलांची बंदूक मांडीवर घेतली. उद्या तिच्या अब्रूचा प्रश्न होता. इतकी वर्षं उभ्या उभ्या आखडली असेल बिचारी, असं त्याच्या मनात आलं. वडलांचा नियम त्याला ठाऊक होता. तेल सांध्यांना द्यायचं. हवा जाते त्या भोकात तेल घातलंस तर बंदूक राहत नाही, इंजिन होतं, असं ते म्हणायचे. चष्मेवाल्याने सांध्यांना तेल दिलं. मग उशिरा का होईना जेवायला आलेल्या पाहुण्याला आपण आग्रहाने आणखी वाढतो, तसं थोडं त्या भोकातही सोडलं.

रविवारी सकाळी कारखान्याचा हॉल उघडला. एका भिंतीशी रेक्झिनचे गुंडाळे उभे, दुसरीकडे जाडीनुसार रचलेले फोमचे ठोकळे, मधे कापायचं लांब टेबल आणि सगळीकडे चिकटवायच्या सोल्युशनचा वास. हॉलच्या पलीकडच्या टोकाला काथ्याच्या गाठी होत्या आणि त्यांच्यापुढे एक लोखंडी पत्रा, दोन व्याह्यांच्या रविवारांनी चेचून निघालेला. त्यावर बायकोने टार्गेटचा कागद चिकटवला. चष्मेवाला टेबलाशी बसला, कोपराखाली फोमची वळकटी घेतली. आई एका अर्धवट भरलेल्या सोफ्याच्या भरलेल्या अर्ध्यावर बसली. उरलेल्या अर्ध्यातून स्प्रिंगा वर आल्या होत्या, तिथे सेक्रेटरी बसणार होते, पण त्यांनी उभं राहणं पसंत केलं.

ते न्यायाधीश म्हणून आले होते. बंदूक गुंडाळायला घोंगडं आणलं होतं, आणि पितळी पाट्या दोन आणल्या होत्या. एकीवर चष्मेवाल्याच्या वडलांचं नाव, एकीवर सासऱ्यांचं. उरेल ती परत करू, असं पाटीवाल्याशी बोलून ठेवलं होतं.

"आधी माझ्या बाबांची," चष्मेवाला म्हणाला. त्याने नळी खाली मोडून स्प्रिंग चढवली, छर्रा घातला, नळी बंद केली आणि गाल टेकवला. पॉलिश उडालेली जागा गालाला बरोबर लागली. त्याने श्वास धरला.

धडाड्‌दिशी आवाज झाला. नळीतून निळसर धूर निघाला, छर्रा कागद चुकवून काथ्याच्या सगळ्यात वरच्या गाठीत गेला आणि सेक्रेटरी स्प्रिंगांवर बसले.

"अरे, बंदूक आहे की मोटारसायकल?" आई म्हणाली.

बायकोने नाक वर करून वास घेतला. "तेल घातलंत?"

"थोडं."

"थोडं म्हणजे किती?"

"प्रेमाने घातलं."

"भोकात?"

 चष्मेवाल्याच्या वतीने धूरच बोलत होता.

"हा छर्रा धरायचा ना?" सेक्रेटरी उठत म्हणाले. एक पाटी त्यांनी खिशातून अर्धी बाहेरही काढली होती.

"नाही धरायचा," बायको म्हणाली. "तेल जळून जाऊ दे. धूर थांबला की पहिल्यापासून."

चष्मेवाल्याला हा उदारपणा खुपला. पुढचे काही बार तसेच धडाडत गेले. मग आवाज उतरत उतरत पूर्वीचा झाला, तो वडलांच्या वेळचा कोरडा 'टप्‌'. तो ऐकल्यावर चष्मेवाल्याचा जीव भांड्यात पडला. आता काही भीती नाही. त्याने सावकाश नेम धरला.

खाच होती. ठिपका होता. माशी मात्र जाग्यावर नव्हती. म्हणजे होती, पण तिचं पातं असं काही उरलं नव्हतं. तिथे काहीतरी करडं, लोकरी बसलं होतं. त्याने मान वर करून नळीचं टोक पुसलं.

"कापूस फार उडतो तुझ्या हॉलमध्ये."

"आज कारखाना बंद आहे," बायको म्हणाली.

त्याने एक डोळा मिटला, दोन्ही उघडले, मान मागे घेतली. लोकरीला जिथे मध्य असावा असं वाटलं तिथे तो बसवून चाप ओढला. मग दुसरा छर्रा, मग तिसरा, असे ठरलेले सगळे मारले. बायकोने कागद आणून टेबलावर ठेवला. कागदाला कांजिण्या आल्या होत्या. वर, खाली, कोपऱ्यात, सगळीकडे छिद्रं होती. काळ्या ठिपक्याला काही झालं नव्हतं, तो धडधाकट होता.

"अरे वा," सेक्रेटरी म्हणाले, कारण काहीतरी म्हणायला हवं होतं.

"हं," आई म्हणाली. पण तिचं 'हं' वडलांच्या 'हं'सारखं नव्हतं.

चष्मेवाल्याने सासऱ्यांची बंदूक उचलली. ती जड, स्प्रिंग चढवायचा तिचा दांडा ओढायला जोर लागायचा, आणि ती बायकोसारखीच आपल्या जागेवरून हलायची नाही. त्याने चकतीशी डोळा नेला आणि त्याला धक्का बसला. टोकावरचं कडं असं लख्ख दिसत होतं की त्यावरचा ओरखडासुद्धा मोजावा. कड्यात ठिपका. टप्‌. पुन्हा कड्यात ठिपका. टप्‌. बंदूक आपणहून मारत होती म्हणायला हरकत नाही. कागद आला तेव्हा सगळी छिद्रं एकमेकांच्या अंगावर पडली होती. शर्टाच्या एका बटणाखाली झाकून गेली असती.

सेक्रेटरींनी टाळ्या वाजवल्या. "निकाल स्पष्ट आहे. सासरेबुवा घरी, वडील शोकेसमध्ये." त्यांनी टेबलावर घोंगडं पसरलं.

जिंकणाऱ्या पक्षाने आनंदी दिसावं अशी रीत आहे. बायको मात्र दोन्ही हात एप्रनच्या खिशात घालून नवऱ्याकडे बघत उभी होती, गिऱ्हाईक कापड निवडेपर्यंत थांबायचं तशी. आईसुद्धा त्याच्याकडेच बघत होती. चष्मेवाल्याला वाटलं, दोघी आपली कीव करतायत.

आपला नियम आपणच काढला होता. मागे हटणारा मी नव्हे, असं आमटीच्या साक्षीने बोललो होतो. वडलांची बंदूक घोंगड्यावर आडवी झाली तशी त्याने तिच्याकडे बघायचं टाळलं, आणि दुसरीकडे कुठे बघायचं म्हणून पुन्हा सासऱ्यांच्या चकतीला डोळा लावला. समोर टेबलावर हाताच्या अंतरावर दोऱ्याचं रीळ पडलं होतं. रिळावर बारीक अक्षरांत कंपनीचं नाव, दोऱ्याची जाडी, रंगाचा नंबर. त्याने सगळं वाचलं.

मग त्याने डोळा बाजूला घेतला. रिळावर मुंग्या.

पुन्हा भोकातून. कंपनीचं नाव, जाडी, रंग.

भोकाशिवाय, मुंग्या.

चष्मेवाला असा थिजला की त्याच्या हातातली बंदूकच त्याला धरून उभी आहे असं वाटावं. भोकातून दिसतं आणि एरवी दिसत नाही. हे वाक्य त्याने आयुष्यात इतक्या लोकांना ऐकवलं होतं की झोपेत उठवलं तरी त्याने ते म्हटलं असतं. वडलांकडून दुकानाबरोबर आलेलं वाक्य होतं ते. दुकानातली काळी चकती आणि सासऱ्यांची ही चकती यांत फरक एवढाच, की हिच्यामागे बंदूक होती. आज सकाळपासून इथे बंदुकांची परीक्षा झालीच नव्हती. एका माणसाचे डोळे तपासून झाले होते, आणि तपासणाराही तोच होता.

आता प्रश्न सोपा होता, म्हणूनच अवघड होता. गप्प बसलं तर डोळे ठणठणीत राहतात, गावातला नजरेचा अधिकारी पुरुष चष्म्याविना राहतो, आणि वडील बोल्टने आवळले जातात. बोललं तर वडील वाचतात, पण बोलायचं ते या सेक्रेटरींच्या देखत. जगात इतके लोक पडले असताना नेमक्या यांच्या देखत.

सेक्रेटरींनी घोंगड्याची एक बाजू बंदुकीवर दुमडली. पॉलिश उडालेली जागा झाकली गेली.

"थांबा," चष्मेवाला म्हणाला. "परीक्षा रद्द."

"का बुवा?"

"बंदूक वाकडी नाही. माशी धूसर दिसत होती."

"कापसामुळे?"

"नाही." त्याने सासऱ्यांची बंदूक टेबलावर ठेवली. "मला चाळिशी लागलीय."

 सोफ्याच्या भरलेल्या अर्ध्यावरून मोठा सुस्कारा आला.

"सुटले बाई," आई म्हणाली. "आता बल्ब तरी वाचतील."

"म्हणजे, तुम्हाला?" सेक्रेटरींच्या चेहऱ्यावर आनंद हळूहळू चढत होता, जिना चढावा तसा, एकेका पायरीवर थांबत. "पण तुम्हीच तर मला म्हणाला होतात..."

"म्हणालो होतो."

"की, साहेब, डोळ्यांना..."

"...अभिमान कळत नाही. हो. पाठ झालंय तुमचं."

"फार लागलं होतं हो मनाला. महिनाभर आठवत होतं." सेक्रेटरींनी घोंगडं सोडून दिलं आणि चष्मेवाल्याचा हात हातात घेऊन हलवला. इतक्या मनापासून त्यांनी क्लबच्या कुठल्या विजेत्याचंही अभिनंदन केलं नसेल.

बायकोने एप्रनच्या खिशातून हात काढला. हातात एक चष्म्याचं घर होतं. चष्मेवाल्याने त्यावरचं नाव वाचलं. नाव मोठ्या अक्षरांत होतं, वाचता आलं.

"हे समोरच्या दुकानातलं आहे!"

"हो."

"समोरच्याकडून घेतलास? समोरच्याकडून?"

"मग काय तुमच्याकडून घेतला असता? तुम्ही शंभर प्रश्न विचारले असते. कुणासाठी, कशासाठी."

"आणि नंबर? नंबर कुठून काढलास?"

"टेपने. पेपर किती लांब धरता ते मोजलं, आणि आईंना विचारलं."

आईने खांदे उडवले. "जन्मभर त्या काउंटरवर बसले मी. एवढ्या लांबीला एक नंबर, हे मला कळायला मशीन लागत नाही."

"म्हणजे खुर्चीच्या हाताचं माप..."

"खुर्ची पण करतेय," बायको म्हणाली.

"मग सांगायचं होतंस मला! हा सगळा तमाशा कशाला?"

"सांगितलं होतं. बल्ब आणलात."

चष्मेवाल्याने चष्मा उलटासुलटा करून बघितला. "फ्रेम काय ही! काड्या बघ, कानाला टोचणार." मग त्याने आवाज खाली आणला. "समोरच्याला काय सांगितलंस?"

"एका हट्टी माणसासाठी हवाय म्हटलं."

"माझं नाव घेतलंस?"

"घ्यावं लागलं नाही."

चष्मेवाल्याने चष्मा लावला, घोंगड्यातून वडलांची बंदूक सोडवली आणि गाल टेकवला. माशी आपल्या जागी येऊन बसली होती. काळी, उभी, दोन्ही कडा सुरीसारख्या, जशी ती लहानपणी दिसायची तशी. पलीकडचा ठिपका आता थोडा मऊ झाला होता, पण वडील सांगायचे तेही हेच. डोळा माशीवर ठेव, ठिपका कुठे पळून जात नाही. त्याने एकामागून एक छर्रे सोडले. बायकोने कागद आणला.

सगळी छिद्रं एका झुपक्यात होती. झुपका मात्र ठिपक्याच्या डावीकडे होता.

"हुकली," सेक्रेटरी म्हणाले. ते पुन्हा न्यायाधीश झाले होते.

चष्मेवाला मात्र हसायला लागला. "हुकली नाही हो. एवढे सगळे एका जागी जातायत म्हणजे नळी चोख आहे. नेमाची खाच थोडी सरकलीय, इतकंच. बाबा म्हणायचे, ही डावीकडे बघते, तिला जरा उजवीकडचं दाखवायचं."

"मग खाच सरळ का नाही केली त्यांनी?" बायकोने विचारलं.

"तुझ्या बाबांनी पण रोज हेच विचारलं. म्हणून नाही केली."

नवा कागद लागला. चष्मेवाल्याने ठिपक्याच्या उजव्या कडेवर माशी बसवली आणि वडलांसारखं मुद्दाम थोडं चुकीच्या जागी बघत बरोबर मारलं. या वेळी झुपका काळ्यावर पडला. बायकोने दोन्ही बंदुकांचे कागद शेजारी शेजारी मांडले आणि खिशातली टेप काढली. आधी एका झुपक्यावर धरली, मग दुसऱ्यावर. मग पुन्हा पहिल्यावर.

"सारखेच," ती म्हणाली आणि टेप झटकन गुंडाळली.

सोफ्याच्या कापडात ही बाई सूतभर फरक चालवून घेत नाही, हे चष्मेवाल्याला ठाऊक होतं. सासऱ्यांचा झुपका जरासा लहान आहे, हे नव्या चष्म्यातून त्याला टेबलापलीकडूनही दिसत होतं. चष्मा खरंच चांगला होता. तो काढून त्याने उगाच पुसला.

"सारखेच," तो म्हणाला. "मग कमी पडली अशी कोणतीच नाही. म्हणजे दोन्ही घरात."

"माझ्या साड्या!" आई म्हणाली.

"आणि माझं शोकेस?" सेक्रेटरींनी दोन्ही पाट्या हातात धरल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "दोन पाट्या केल्यात मी. उद्घाटनाला पाहुणे येणार. आत काय ठेवू, घोंगडं?"

चष्मेवाला आणि बायको एकमेकांकडे बघू लागले. आई सोफ्याच्या स्प्रिंगा सांभाळत उठली, हॉलच्या टोकाला गेली आणि काथ्याच्या गाठींपुढच्या लोखंडी पत्र्यावर तिने बोट वाजवलं.

"हा न्या. दोघांचा आहे. दोन्ही पाट्या लावता येतील."

सगळे तिच्यामागे गेले. टार्गेटचा कागद निघाल्यावर पत्रा उघडा पडला होता. कागदामागे झाकला जायचा तो मधला चौकोन बऱ्यापैकी सपाट होता. चौकोनाबाहेर मात्र चारही बाजूंनी खड्डेच खड्डे पडले होते, एकमेकांत मिसळलेले, अगदी कडेपर्यंत. नवराबायकोने वाकून पत्र्यावरून हात फिरवला. आयुष्यभर ऐकलेल्या सगळ्या विजयांची गोष्ट त्या पत्र्याने फार वेगळी सांगितली होती.

"यातले माझ्या बाबांचे कुठले?" बायकोने हळूच विचारलं.

"काय माहीत," आई म्हणाली. "दोघंही इथंच मारायचे आणि जिंकलो म्हणून घरी यायचे. चहा मात्र आम्हा दोघींना करायला लागायचा, मला आणि तुझ्या आईला."

बायको आधी हसली. मग चष्मेवाला हसला, आणि मग हसू आवरेना म्हणून दोघांनी काथ्याच्या गाठींवर बसून घेतलं. सेक्रेटरींना मात्र शोकेसची काळजी होती. त्यांनी पत्रा खिडकीच्या उजेडात धरला, हात लांब केला, अजून लांब केला, मान मागे नेली.

"पण पाहुण्यांना सांगायचं काय? हे खड्डे आहेत की गंज आहे? नीट कळत नाही."

चष्मेवाला त्या लांब केलेल्या हाताकडे बघत राहिला. मग त्याने नाकावरचा चष्मा काढला आणि त्यांच्यापुढे धरला.

"घ्या. लावून बघा."

सेक्रेटरींनी आधी बायकोकडे बघितलं, मग आईकडे. कुणीच हसत नाही अशी खात्री करून त्यांनी तो टोचणारा चष्मा कानांवर चढवला आणि पत्र्यावर वाकले.

"अरेच्चा," ते म्हणाले. "किती हुकलेत हो हे!"